अचानक आलेली सुट्टी आणि दवाखान्याचे दार



आम्ही जन्मभर मास्तरकी केली. जुन्या अकरावीची मॅट्रिक झालो, शाळेत लागलो आणि शेवटी मुख्याध्यापक होऊन घरी बसलो. तेव्हा सुट्टी म्हणजे काय, हे आम्हाला कोणी शिकवायला नको. अचानक सुट्टी जाहीर झाली की वर्गात जो गलका होतो, तो आम्ही पुष्कळ वर्षे ऐकला. खरे सांगायचे, तर मुलांच्या आनंदात मास्तरांचाही थोडा आनंद मिसळलेला असे.

शाळेचे त्यात फारसे बिघडत नाही. आज बुडलेला धडा उद्या शिकवता येतो. बेरीज एक दिवस थांबते, वजाबाकीही थांबते. पण ताप थांबतो का? बाळंतीण थांबते का? साप सुट्टी पाहून चावतो का?

आज आपण याच गोष्टीचा विचार करू. सरकारने दोन-तीन दिवस आधी, किंवा अगदी आदल्या दिवशी, एकाएकी सुट्टी जाहीर केली, तर दवाखाने बंद ठेवावेत की उघडे ठेवावेत?

आधी एक घडलेली हकिकत सांगतो. दवाखान्याचे नाव सांगत नाही. कोणाला नावे ठेवण्यासाठी आम्ही उभे नाही.

शुक्रवार, १९ जानेवारी २०२४ चा दिवस. तलासरी तालुक्यातल्या एका पाड्यावर सात वर्षांच्या पोराला कुत्रा चावला. पोटरीला दात लागले, रक्त आले. पोराचा बाप पूर्वी आमच्या रात्रीच्या साक्षरता वर्गात येत असे. शेजारीण म्हणाली, जखमेवर मिरची भरा. पण आशाताई तिथेच होत्या. त्या म्हणाल्या, "मिरची नको, चुना नको, तेल नको. हापशावर चला. साबण लावून पंधरा मिनिटे जखम धुवा आणि लगेच दवाखाना गाठा." त्यांनी तसेच केले. फार शहाणपणाचे केले. कुत्र्याच्या चावण्यातून रेबीज होतो. तो रोग एकदा अंगात फुटला, म्हणजे माणूस बहुधा वाचत नाही. पण वेळेवर सुया घेतल्या तर तो टळतो.

दवाखान्यात पोराला पहिली सुई दिली. जखमेभोवतीही औषध टोचले. सिस्टरबाईंनी केसपेपरवर पुढच्या तारखा लिहिल्या. ही लस ठरलेल्या दिवशीच घ्यायची असते. पहिला दिवस शून्य धरायचा. मग तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा. म्हणजे १९ जानेवारी झाली, पुढे २२ जानेवारी, २६ जानेवारी आणि १६ फेब्रुवारी.

सिस्टरबाई हुशार. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिले आणि म्हणाल्या, "२६ तारखेला झेंडावंदनाची सुट्टी आहे. समोरचे दार बंद असेल. तुम्ही बाजूच्या दाराने तातडीच्या खोलीत या. मी सांगून ठेवते." बापाने मान हलवली. २२ तारखेबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. बोलणार तरी काय? २२ तारीख साधा सोमवार होता. कॅलेंडरवर काळ्या अक्षरांत छापलेला.

त्याच दिवशी, म्हणजे शुक्रवारीच, मुंबईत सरकारचा आदेश निघाला. सोमवारी २२ तारखेला अयोध्येत राममंदिराची प्राणप्रतिष्ठा होती, म्हणून महाराष्ट्रात सार्वजनिक सुट्टी जाहीर झाली. वर्तमानपत्रांत छापून आले. टी.व्ही.वर सांगितले. पण पाड्यावर वर्तमानपत्र येत नाही, आणि मोबाईलची रेंज लागते ती टेकडीवर चढल्यावर.

सोमवारी बाप आणि आई दोघेही कामाचा रोज बुडवून निघाले. पोराला खांद्यावर घेऊन सडकेपर्यंत चालत आले. तिथून रिक्षा केली. दवाखान्याशी पोचले, तर दाराला कुलूप. दारावर कागद चिकटवलेला: "आज सार्वजनिक सुट्टी. दवाखाना बंद." आवारात एक जण भेटला. तो म्हणाला, "आज कोणी नाही. उद्या या."

बापाने तो कागद स्वतः वाचला. अक्षर अक्षर लावून वाचला. ती अक्षरे तो आमच्याच वर्गात शिकला होता. वाचले, आणि पोराला घेऊन मागे फिरला.

दुपारी सडकेवर ती तिघे आम्हाला भेटली. आम्ही विचारले, "काय रे, या वेळी इकडे कुठे?" तो म्हणाला, "गुरुजी, आज सुईची तारीख होती. पण बंद आहे म्हणून लिहिले आहे. उद्याचा रोज पण जाणार." आम्ही केसपेपर पाहिला. दुसऱ्या एका इस्पितळात तातडीचा विभाग रात्रंदिवस उघडा असतो, हे आम्हाला ठाऊक होते. आम्ही त्यांच्याबरोबर एस.टी.त बसलो. संध्याकाळी दिवे लागता लागता पोराला सुई मिळाली. तिथल्या डॉक्टरांनी एका शब्दाने कुरकुर केली नाही.

आता पाहा. पुढे २६ जानेवारी आली. तीही सुट्टीच. पण त्या दिवशी काही अडले नाही. बाप सांगितल्याप्रमाणे बाजूच्या दाराने गेला आणि पाऊण तासात मोकळा झाला.

एकाच आठवड्यात दोन सुट्ट्या आल्या. एकीने कोणाचे नुकसान केले नाही. दुसरीने दोन माणसांचा रोज बुडवला, दोनदा भाडे भरायला लावले आणि एका पोराचा जीव टांगणीला लावला. दोन्हींत फरक कोणता? एक सुट्टी सर्वांना आधी माहीत होती. दुसरी फक्त कुलूप लावणाराला माहीत होती. कुलूप पाहणाराला ती दारात गेल्यावर कळली.

आमचे सगळे म्हणणे या एका फरकात आहे.

सुट्टी कशासाठी दिली, हा आजचा विषय नाही. सुट्टी देण्याचा अधिकार सरकारला आहे. त्या वेळी कायदा शिकणाऱ्या काही विद्यार्थ्यांनी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली होती. रविवारी, २१ जानेवारीला, खास सुनावणी झाली आणि न्यायालयाने अर्ज फेटाळला. तेव्हा तो वाद मिटला. सुट्टी आनंदाची असते तशी दुःखाचीही असते. रविवारी, ६ फेब्रुवारी २०२२ रोजी लता मंगेशकर गेल्या. साऱ्या महाराष्ट्राला हळहळ वाटली. सरकारने दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, सुट्टी दिली. त्या वेळी तर मध्ये एक रात्रच होती.

हे आपल्याकडेच होते असेही नाही. विलायतेत ८ सप्टेंबर २०२२ रोजी राणी एलिझाबेथ वारल्या. १९ सप्टेंबरला, सोमवारी, त्यांचा अंत्यविधी होता. त्या दिवशी देशभर सुट्टी जाहीर झाली. तिथे पुष्कळ डॉक्टरांचे दवाखाने बंद राहिले आणि काही इस्पितळांनी रोग्यांना दिलेल्या तारखा पुढे ढकलल्या. तिथल्या लोकांनीही हाच प्रश्न विचारला: आमची तारीख ठरली होती, तिचे काय?

या तिन्ही सुट्ट्या सोमवारी आल्या, हे ध्यानात घ्या. रविवारी दवाखान्याची नेहमीची तपासणी बंदच असते. त्याला सोमवार जोडला की दोन दिवस दार बंद. शनिवारी रात्री ज्याला ताप भरला, त्याने मंगळवारपर्यंत वाट पाहायची.

आता कायदा काय म्हणतो ते ऐका. सार्वजनिक सुट्टीचा आदेश निघतो तो १८८१ सालच्या एका कायद्याच्या कलम २५ खाली. त्या कायद्याचे नाव परक्राम्य संलेख अधिनियम. नाव मोठे आहे, पण अर्थ सोपा आहे. हा कायदा हुंड्या, वचनचिठ्ठ्या आणि धनादेश यांचा आहे. हुंडीची मुदत सुट्टीच्या दिवशी भरली, तर पैसे कधी द्यायचे? कलम सांगते, ती मुदत आदल्या कामाच्या दिवशी भरली असे समजावे. म्हणजे पाहा, सावकाराच्या कागदाचीसुद्धा कायद्याने सोय लावली आहे. तो कागद सुट्टीनंतर पाहू, असे म्हटले नाही. मग रोग्याच्या केसपेपरची सोय कोणी लावायची? हुंडीला आदला दिवस चालतो. कुत्र्याच्या चावण्याला आदला दिवस नसतो.

डॉक्टरांसाठीही नियम आहेत. ते २००२ साली झाले. त्यांत असे आहे की, एकदा रोगी हाती घेतल्यावर डॉक्टराने त्याची हेळसांड करू नये. त्याला आणि त्याच्या घरच्यांना पुरेशी सूचना दिल्याशिवाय त्याला सोडू नये. सूचना हा शब्द लक्षात ठेवा. दारावर सकाळी चिकटवलेला कागद ही सूचना नव्हे. तोवर माणूस दहा मैलांवरून येऊन उभा राहिलेला असतो.

आता दुसरी बाजू पाहू. एकच बाजू सांगणारा मास्तर चांगला नव्हे.

डॉक्टर आणि सिस्टर हीसुद्धा माणसे आहेत. त्यांनाही घर आहे, मुले आहेत, सणवार आहेत. आपल्या भागात पावसाळ्यात ही माणसे रात्री-अपरात्री उठून बाळंतपणे करतात. त्यांना विसावा नको का? जरूर हवा. विसाव्याची किंमत या मुलखाला कोणी सांगायची? १९४५ साली याच मुलखातल्या वारल्यांनी वेठीविरुद्ध उठाव केला. जमीनदार माणसाला राबवून घेई आणि त्याच्या दिवसावर त्याचा हक्क मानत नसे. ती वेठ मोडायला लोकांनी गोळ्या झेलल्या. मग आज आपण सिस्टरबाईंकडून वेठ घ्यायची काय? आम्ही तसे कधी म्हणणार नाही.

पण विसावा देण्याची रीत आहे. सोमवारी ज्यांनी काम केले, त्यांना त्याबद्दल पुढे सुट्टी द्यावी. चार दिवस आधी सांगून, पाळीपाळीने द्यावी. अशा सुट्टीने त्यांचा विसावा बुडत नाही आणि रोग्याची तारीखही बुडत नाही.

काही शहाणे म्हणतात, "तातडीचा विभाग उघडा असतोच ना? मग नेहमीची तपासणी एक दिवस बंद राहिली तर काय झाले?"

हे बोलणे ऐकायला बरोबर वाटते. पण तातडीचे काय आणि साधे काय, हे ठरवायचे कोणी? पाड्यावरच्या आईने? मण्यार साप रात्री झोपेत चावतो. पुष्कळदा दुखतही नाही, सूजही येत नाही. माणूस सकाळी म्हणतो, पोटात दुखते, डोळे जड झाले. घरच्यांना वाटते, साधे आहे. थोड्या वेळाने पापण्या मिटतात आणि श्वास अडतो. हिवताप पहिल्या दिवशी साध्या तापासारखाच दिसतो. गरोदर बाईच्या पायावरची सूज घरात कोणी मोजत नाही. साधे कोणते आणि तातडीचे कोणते, हे निवडण्यासाठीच तर नेहमीची तपासणी असते. धान्य पाखडल्याशिवाय खडा दिसत नाही. सूपच टांगून ठेवले तर खडा पोटात जायचा.

दुसरे असे की, तातडीचे दार उघडे असले तरी ते कोणाला माहीत असते? आमच्या हकिकतीतही एक दार उघडे होतेच. पण बंद दारावर त्या उघड्या दाराचे नाव कोणी लिहिले नव्हते.

त्याच जानेवारीत दिल्लीच्या एम्स या मोठ्या इस्पितळातही असाच घोळ झाला. २२ तारखेला दुपारी अडीचपर्यंत नेहमीची तपासणी बंद, असे त्यांनी आधी जाहीर केले. तिथे लांबलांबचे लोक महिनोन्‌महिने आधी तारीख घेऊन येतात. ओरड झाली. २१ तारखेला इस्पितळाने तो हुकूम फिरवला आणि तपासणी चालू ठेवण्याचे ठरवले. आम्हाला हे फार आवडले. ज्याला तारीख दिली, त्याला माघारी लावायचे नाही. तारीख देणे म्हणजे शब्द देणे.

आपल्या डहाणू तालुक्यातच याचा चांगला धडा आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले. पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथे त्यांना दिसले की आदिवासींची मुले शाळेच्या वेळेला येत नाहीत. का येत नाहीत? ती गुरे राखायला रानात जातात. दुसऱ्या कोणी म्हटले असते, शाळा उघडी आहे, येत नाहीत तर आम्ही काय करावे? पण या बायांनी मुलांना दोष दिला नाही. त्या शाळाच कुरणात घेऊन गेल्या. तिला कुरणशाळा म्हणत. गुरे चरत आणि मुले शिकत. शाळेने आपली वेळ मुलांच्या वेळेला जुळवली.

शाळेला हे जमले, तर दवाखान्याला का जमू नये? आम्ही काही डोंगर हलवायला सांगत नाही. आमच्या सूचना चारच आहेत.

पहिली. कॅलेंडरवर आधीपासून छापलेल्या सुट्टीला नेहमीची तपासणी बंद ठेवायला हरकत नाही. एकाएकी आलेल्या सुट्टीला ती बंद ठेवू नये. निदान सकाळची वेळ तरी चालू ठेवावी.

दुसरी. रविवारला जोडून सुट्टी आली, तर लागोपाठ दोन दिवस दार बंद ठेवू नये.

तिसरी. ज्याच्या केसपेपरवर त्या दिवसाची तारीख लिहिली आहे, त्याला सुई, गोळी किंवा तपासणी त्या दिवशी मिळालीच पाहिजे.

चौथी. काही कारणाने दार बंद ठेवावेच लागले, तर त्या दारावर उघड्या दाराचा पत्ता लिहावा.

खाजगी डॉक्टरांनाही आमची हीच विनंती आहे. त्यांच्यावर सरकारी सुट्टीची सक्ती नाही. ते स्वतःच्या मनाने बंद ठेवतात. त्यांनी खुशाल विसावा घ्यावा. पण गावात दोघे-तिघे डॉक्टर असतील, तर त्यांनी आपसांत ठरवून एकाने तरी दार उघडे ठेवावे.

आता आपले काम कोणते? सगळे सरकारने करावे आणि आपण ओट्यावर बसावे, असे होत नाही.

केसपेपर घेतल्यावर त्यावरची पुढची तारीख तिथेच वाचा. वाचता आली नाही तर विचारा. लाजू नका. पुढे असेही विचारा: "बाई, त्या दिवशी बंद असले तर आम्ही कुठे जायचे?" हा प्रश्न सर्वांनी विचारायला हवा. दहा जणांनी विचारला, म्हणजे अकराव्याला उत्तर भिंतीवर लिहिलेले दिसेल.

आपल्या भागातली मोठी दारे तोंडपाठ ठेवा. डहाणू आणि कासा येथे उपजिल्हा रुग्णालये आहेत. तलासरी आणि वाणगाव येथे ग्रामीण रुग्णालये आहेत. उधव्याकडच्या लोकांना सेलवासचे विनोबा भावे इस्पितळ माहीत आहेच. राज्याची हद्द ओलांडली की सुट्टीही बदलू शकते, हेही ध्यानात ठेवा. रोगी अत्यवस्थ असेल तर १०८ नंबर फिरवा. ती गाडी सुट्टी मानत नाही. कुत्रा चावला, साप चावला, बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या, तर सुट्टी आहे म्हणून घरी थांबू नका. सुईची एखादी तारीख चुकलीच, तर आता काय उपयोग म्हणून सोडून देऊ नका. लगेच जाऊन राहिलेली सुई घ्या.

आणि शेवटी एक गोष्ट, आम्हा मास्तर मंडळींसाठी. त्या बापाला आम्ही वाचायला शिकवले. त्याने दारावरचा कागद वाचला. त्याचे काम त्याने केले. चूक वाचणाराची नव्हती, लिहिणाराची होती. कागदावर पाच शब्द होते आणि त्या पाच शब्दांनी त्याला घरी पाठवले. आणखी दोन ओळी असत्या, तर त्यांनी त्याला उघड्या दाराशी नेले असते. अक्षरे माणसाला अडवण्यासाठी नाहीत, वाट दाखवण्यासाठी आहेत.

म्हणून दवाखान्याच्या दारावर कसे लिहावे, ते आम्ही मोठ्या अक्षरांत लिहून देतो. ते वाचा, वहीत उतरवून घ्या. ग्रामसभेत उठून वाचून दाखवा आणि विचारा, आपल्या दवाखान्यात असे का लिहू नये?

आज सुट्टी आहे.
नेहमीची तपासणी बंद आहे.
तातडीची खोली उघडी आहे. बाजूच्या दाराने या.
आजची तारीख दिलेल्यांना सुई आज मिळेल.
इथे कोणी नसेल तर ......... येथील इस्पितळात जा. ते उघडे आहे.
गाडीसाठी फोन करा: १०८.
कोणीही तसेच परत जाऊ नये.

मधली जागा आम्ही मोकळी ठेवली आहे. तिथे आपल्या जवळच्या इस्पितळाचे नाव तुम्ही स्वतःच्या हाताने लिहा.